ऑपरेशननंतर चुंबकपट्टा: अपाय नसेल तर विरोध कशाला?

गणपतीपेठ
गेल्या महिन्यात मिरजेत आईचा गुडघा बदलला. सांगलीला घरी आणल्यावर आत्यानं मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनातून चुंबकाचा पट्टा आणून दिला. किंमत अडीच हजार. आईला बीपी आहे, किडनीचं क्रिएटिनिन काठावर आहे, त्यामुळं दुखण्याच्या गोळ्यांची मला भीतीच वाटते. पट्टा लावल्यापासून तिला झोप लागते, दुखणंही निम्म्यावर आलंय. रक्तात लोह असतं, चुंबकानं रक्ताभिसरण वाढतं, यात न पटण्यासारखं काय आहे? ऑपरेशन डॉक्टरांनीच केलं, आम्ही पट्टा फक्त जोडीला लावतोय. तरी घरातले शिकलेले लोक हसतात. इथल्या मंडळींचं मत काय?

तर्कट
हसत नाही, पण पटत पण नाही. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, खिळ्यासारखं चुंबकाकडं धावत नाही. चुंबकाचा जोर टेस्ला किंवा गॉसमध्ये मोजतात. एमआरआयचं नेहमीचं यंत्र दीड टेस्लाचं, म्हणजे १५,००० गॉसचं असतं. त्यात अर्धा तास झोपलेल्या माणसाचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. पट्ट्याच्या खोक्यावर किती गॉस लिहिलेत?

गणपतीपेठ
८००.

तर्कट
तेही चुंबकाला चिकटून मोजलेले असणार. अंतर वाढलं की जोर भराभर उतरतो. आमच्या काकूंच्या पट्ट्यावर टाचणी धरून बघितली. कापडाच्या एका पदरातून चिकटली. मध्ये ड्रेसिंगचा गॉज आणि क्रेप बँडेजचे दोन वेढे आले तर खाली पडली. मग आतल्या सांध्यापर्यंत काय पोचणार?

फिजिओ सातारकर
एकाच काठीनं सगळ्यांना हाकू नका. चुंबकाचे दोन प्रकार आहेत. पट्ट्यातलं चुंबक स्थिर असतं. दुसरं यंत्र असतं: वेटोळ्यातून विजेचे ठोके सोडून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा यंत्राला एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, १९७९ मध्येच मान्यता दिली. स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते वापरून बघितलेला २०१० चा एक अभ्यास आहे. त्यात दुखणं आणि गोळ्या दोन्ही कमी झाल्या. म्हणून चुंबक म्हटलं की थोतांड, हे मला मान्य नाही.

तर्कट
त्या अभ्यासात बायका किती होत्या, तेही सांगा. २४! त्याला प्राथमिक चाचणी म्हणतात. आणि ते यंत्र होतं, पट्टा नव्हे. प्रदर्शनातला माणूस यंत्राची पुण्याई पट्ट्याच्या नावावर खपवतो, माझं भांडण त्याच्याशी आहे.

पट्ट्यातल्या स्थिर चुंबकाचीही चाचणी झालीय, तीही ऑपरेशननंतरच्या दुखण्यावरच. २००७ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण १६५. काहींच्या जखमेवर दोन तास खरं चुंबक ठेवलं, काहींच्या जखमेवर हुबेहूब दिसणारं नकली. कुणाला काय लावलंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. दुखणं कमी झालं नाही, मॉर्फिनही कमी लागलं नाही.

गणपतीपेठ
दोन तासच ना? आई रात्रभर लावते.

तर्कट
मुद्दा रास्त आहे. मग रात्रभर लावून फरक पडतो हे अडीच हजार घेणाऱ्यानं दाखवावं. नकली पट्टा मुद्दाम का ठेवतात ते बघा. ऑपरेशनचं दुखणं आठवड्यागणिक आपोआप उतरतच असतं. त्या काळात पट्टा बांधा, नाहीतर हरभऱ्याची उसळ खा, श्रेय त्यालाच जातं.

माहेर तासगाव
उतरू दे की आपोआप! म्हातारीला बरं वाटतंय, झोप लागतीय, तुमचं काय जातंय? आत्यानं मायेनं आणलेली वस्तू आहे. सगळंच प्रयोगशाळेत मोजत बसायचं का? आमच्या सासूबाईंनी कंबरेला असाच पट्टा दोन वर्षं वापरला, कुणाचं वाईट झालं नाही.

वॉर्डातली सिस्टर
ताई, माया खरीच. मला पट्ट्याची भीती नाही, पट्ट्याच्या भरवशावर बंद केलेल्या गोळीची आहे. ऑर्थो वॉर्डात हेच बघते. "आता पट्टा आहे, गोळी नको," म्हणून पेशंट दुखणं सोसत पडून राहतो आणि व्यायामाला पाय वाकवत नाही. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा ९० अंशांपर्यंत वाकवायचा असतो. तेव्हा आळस केला तर सांधा आखडतो, मग पुन्हा भूल देऊन वाकवायची पाळी येते.

गणपतीपेठ, किडनीची भीती रास्त आहे, पण ती डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्यांची. पॅरासिटामॉल वेगळी. कोणती, किती, हे क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवून सर्जनलाच विचारा. आणि पट्टा टाक्यांवर, घट्ट, रात्रभर बांधू नका. दुखणं उतरायचं सोडून वाढायला लागलं, जखम लाल झाली, पाणी आलं, ताप आला किंवा पोटरी सुजली, तर पट्टा सरकवत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गणपतीपेठ
टाके निघालेत. व्यायामाआधी अर्धा तास गोळी चालूच आहे, ती बंद केली नव्हती आणि करणारही नाही. पट्टाही काढणार नाही. आईला तो हवाय, एवढं कारण मला पुरतं.

तर्कट
मग माझी काही तक्रार नाही. फक्त पुढच्या प्रदर्शनात आत्याला चुंबकाची गादी घेऊ देऊ नका. ती पन्नास हजारांच्या पुढं असते.

भडंगवाला
मध्येच विचारतो. वडिलांना पेसमेकर आहे. मावशींनी खांद्याला बांधायला असाच पट्टा पाठवलाय. चालेल का?

वॉर्डातली सिस्टर
अजिबात नाही. चुंबक जवळ आलं की पेसमेकरचं काम बदलतं. निदान सहा इंच अंतर हवं, आणि खांदा तर त्याच्या शेजारीच. पट्टा परत पाठवा. बांधून झाला असेल तर काढा आणि कार्डिऑलॉजिस्टना फोन करा.

भडंगवाला
डाव्याच खांद्याला बांधलाय. काढतो.