पगारवाढीच्या बोलणीआधी युनियनने फॉर्म दिलाय, त्यात नेमकं काय लिहू?

नवा_सभासद
आमचा करार संपत आलाय आणि मॅनेजमेंटशी बोलणी सुरू करायच्या आधी युनियनने सगळ्या सभासदांना फॉर्म वाटलाय. किती वाढ मागायची, टक्क्यात की सगळ्यांना सरसकट एकच रक्कम, करार किती वर्षांचा, कुठले भत्ते, आणि शेवटी बोलणी फिसकटली तर संपाची तयारी आहे का. मागच्या कराराच्या वेळी मी नव्हतो त्यामुळे अनुभव शून्य. बरोबरचे म्हणतात कमिटीचं सगळं आधीच ठरलेलं असतं, काहीही लिही, दोघातिघांनी तर सरळ ५० टक्के लिहून फॉर्म देऊनही टाकला. मला नीट भरायचाय. संपाला हो लिहायची भीती वाटते कारण घरात कमावणारा मी एकटाच, पण नाही लिहिलं तर युनियन कमजोर दिसेल का?

जुनी_कमिटी
लोकांनी फॉर्म भरला नाही की कमिटी खरंच स्वतःच ठरवते, तिच्याकडे दुसरा इलाज नसतो. मी दोन करारांच्या बोलणीत बसलेय. पहिल्या वेळी कुणाचं मन मोडायला नको म्हणून फॉर्ममधलं सगळंच मागणीपत्रात घातलं, २३ मागण्या झाल्या. मॅनेजमेंटने त्यातल्या लॉकर, गणवेश अशा स्वस्तातल्या ११ एका बैठकीत मान्य केल्या आणि पगाराचा विषय निघाल्यावर म्हणाले, निम्मं तर दिलं की तुम्हाला. आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण सभासदांना सगळ्यात जास्त काय हवंय हे आम्ही विचारलंच नव्हतं. म्हणून तुम्ही तीनच गोष्टी लिहा, क्रमाने, आणि वेळ आली तर त्यातली कुठली सोडून द्याल तेही लिहा.

संपाचं मात्र खरं तेच लिहा. कागदावर सगळे हो आणि प्रत्यक्षात निम्मे कामावर, हे एकदा झालं की पुढची कित्येक वर्षं युनियनच्या शब्दाला टेबलावर किंमत राहत नाही. संप झेपणार नाही पण ओव्हरटाइम बंद ठेवायला तयार आहे, असंही लिहिता येतं, कमिटीला त्याचाही उपयोग होतो.

हिशेबी
सगळे एकूण टक्क्यांवर भांडतात आणि वाढ कुठल्या वर्षी किती मिळणार हे कुणी बघतच नाही. तीन वर्षांचा करार धरा, एकूण १५ टक्के. समजा आज पगार महिना १००. पहिल्या वर्षी ८, मग ४, मग ३ टक्के मिळाले तर पगार १०८, ११२.३२, ११५.६९ असा जातो. तेच उलटं, ३, ४, ८ घेतलं तर १०३, १०७.१२ आणि शेवटी तेच ११५.६९. शेवटचा आकडा सारखा, पण तीन वर्षांत हातात आलेल्या पैशातला फरक आजच्या सव्वा महिन्याच्या पगाराहून थोडासाच कमी आहे! त्यामुळे मोठी वाढ पहिल्या वर्षी, हे फॉर्ममध्ये ठळक लिहा. करार लांबचा असेल तर महागाईला जोडलेलं कलमही मागा, कारण भाव ६ टक्क्यांनी चढले आणि पगार ५ ने, तर पगार जवळजवळ १ टक्क्याने घटलाच.

आणि ५० लिहिण्याआधी युनियनने कंपनीचा हिशेब मागितलाय का ते विचारा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९८१ ची १६३ नंबरची शिफारस सांगते की बोलणी अर्थपूर्ण व्हायला लागणारी माहिती कामगारांच्या प्रतिनिधींना मिळायला हवी. बंधनकारक नाही, पण पत्रात उल्लेख करायला चांगली आहे.

रात्रपाळी
हिशेब पटला पण त्यात सगळ्यांचा पगार १०० धरलाय, तिथेच आमच्यासारखे मागे पडतात. एकाला १०० आणि दुसऱ्याला ३०० असेल तर १० टक्क्यांनी एकाला १० मिळतात, दुसऱ्याला ३०. अशा तीन वाढी झाल्या की २०० चा फरक २६६ वर जातो. बाजारात दोघांना भाव एकच असतो ना? पूर्ण सरसकट रक्कम मागितली तर अनुभवी लोक नाराज होतात, हे मी बघितलंय आणि त्यांचंही चूक नाही, इतकी वर्षं घातलीत त्यांनी. म्हणून मी लिहिलं, वाढ टक्क्यातच द्या पण अमुक रकमेपेक्षा कमी कुणालाच नको. शिवाय ती बेसिकमध्ये यायला हवी. भत्त्यात दिलेली वाढ दिसायला छान असते, पण पुढची टक्केवारी बहुतेक ठिकाणी बेसिकवरच लागते.

नवा_सभासद
खूप आभार, मोठी वाढ पहिल्या वर्षी हे तर सुचलंच नसतं. मी असं लिहिलंय: १) पहिल्या वर्षी मोठी वाढ, बेसिकमध्ये, आणि किमान रकमेची अट, २) महागाईचं कलम, ३) रात्रपाळीचा भत्ता. सोडायची वेळ आली तर तिसरी. ओव्हरटाइम बंदला हो, संपाला आत्ता नाही. एकच राहिलं, मसुदा ठरल्यावर सह्या व्हायच्या आधी परत आम्हाला विचारतात का?

जुनी_कमिटी
विचारायलाच हवं, पण प्रत्येक युनियनच्या घटनेत ते लिहिलेलं असतंच असं नाही. तुमच्या घटनेची प्रत मागून बघा, आणि नसेल तर फॉर्मच्या खाली लिहा की मसुदा सर्वसाधारण सभेत वाचून गुप्त मतदान घ्यावं. पाचदहा जणांनी लिहिलं तरी कमिटीला तो विषय सभेत घेणं भाग पडतं, आमच्याकडे तसंच सुरू झालं.