चर्चा: कानात इअरफोन घालून थिऑलॉजी शिकता येते का?

हडपसरचा_श्रोता (धागाकर्ता)

आमच्या तरुण संघात एक ज्येष्ठ बंधू परवा म्हणाले, "हल्ली पोरं इअरफोन लावून पंडित होतात." टोला कोणाला होता ते कळलं, म्हणून इथे मांडतो.

ज्याला सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या शाळेत) जाणं जमणार नाही, त्याने रेकॉर्ड केलेले पाठ ऐकून ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) आणि अपोलोजेटिक्स (विश्वासाचं तर्काने समर्थन) शिकण्यात काहीही वावगं नाही. रविवारच्या संदेशात जे वर्षानुवर्षं कानावर पडत नाही, ते तिथे पडतं. चर्चच्या जुन्या परिषदा, ३२५ ची निकियाची, ४५१ ची खाल्सेदोनची, अथनेशियस बिशप कोणाशी आणि कशापायी भांडला, अन्सेल्म, अक्विनास हे मध्ययुगातले पंडित, हे सगळं मी हडपसर ते हिंजवडी कंपनीच्या बसमध्ये ऐकलंय. (त्या रस्त्यावर अक्विनास संपतो, ट्रॅफिक संपत नाही.) बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ ला यवतमाळहून पुण्यात आली, सगळं मान्य. पण घराचा हप्ता चालू असताना नोकरी सोडून तिथे जाऊन बसणार कोण?

आणि ऐकून शिकणं आपल्याला नवीन आहे का? गोव्यातल्या फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ चं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. ते काय कपाटात ठेवायला लिहिलं होतं? वाचून दाखवायचे आणि लोक ऐकायचे. विश्वास ऐकण्याने येतो, हे तर बायबलात प्रेषित पौलच सांगून गेलाय.

विरोध करा, पण मुद्द्यावर करा.

गुरुवारपेठी

ख्रिस्तपुराणाचा दाखला तुमच्यावरच उलटतो, दादा. त्यात पाद्री सलग बोलत सुटलेला नाही. ऐकणाऱ्यांतला एक ब्राह्मण मध्येच अडवतो, शंका काढतो, मग पाद्री उत्तर देतो. स्टीफन्सला ठाऊक होतं की समोर अडवणारा माणूस हवा. तुमच्या रेकॉर्डिंगला कोण अडवणार?

बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला कूशी षंढ तर तुमच्यासारखाच गाडीत बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता. फिलिप्पाने विचारलं, कळतंय का? तो म्हणाला, कोणी समजावल्याशिवाय कसं कळणार? मग फिलिप्प गाडीत चढून शेजारी बसला.

संडेस्कूलवाले_सर

मी घडलेलं सांगतो. आमच्या वर्गात आठवीतल्या मुलीने त्रैक्य (देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे) म्हणजे काय असं विचारलं. मदतीला आलेला पोरगा हुशार, सतत काहीतरी ऐकत असतो. त्याने ठोकून दिलं: पाणी, बर्फ, वाफ, वस्तू एकच, रूपं तीन. पोरगी दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "मग गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना कोणाला करत होता? बर्फ वाफेशी बोलत होता का?"

पोरगा आडवा! एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो ही सबेल्लियसची शिकवण, आणि मंडळीने (चर्चने) ती तिसऱ्या शतकातच नाकारली. गंमत म्हणजे तो ऐकत होता त्याच मालिकेत पुढे हे खोडून काढलेलं होतं. साहेबांचं तिथवर पोचायचं राहिलं होतं. दीड पटीच्या वेगाने ऐकलं की असं होतं, दाखला लक्षात राहतो आणि त्याच्यामागचा 'पण' निसटतो.

हडपसरचा_श्रोता

सर, हे अर्धवट सोडण्याबद्दल झालं, ऐकण्याबद्दल नाही. पुस्तकंही लोक अर्धवट सोडतात. आणि हाच पाणी-बर्फ-वाफेचा दाखला मी व्यासपीठावरून ऐकलाय. तिथे तर हात वर करायचीसुद्धा सोय नसते. रेकॉर्डिंग निदान मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं.

कोथरूडचा_शेजारी

मी ख्रिस्ती नाही, तरी बोलतो. आमच्या ऑफिसात एक मित्र आहे, मनाने चांगला. हे पाठ ऐकायला लागल्यापासून चहाच्या टपरीवर त्याचं सुरू: "विश्वाला सुरुवात आहे, म्हणजे सुरुवात करणाराही आहे." अरे बाबा, माझ्या डेस्कवर गणपती आहे, देव नाही असं मी म्हटलं कधी? माझी मावशी गेली तेव्हा मी त्याला एकच विचारलं होतं: आयुष्यभर वारी केलेल्या बाईचं तुमचा देव काय करणार? त्यावर त्याने मला एक लिंक पाठवली.

विश्रांतवाडीकर

शेजारी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. माध्यम कोणतं यावर आपण उगाच डोकं शिणवतोय. खरी गोची ही की ही रेकॉर्डिंग बहुतेक अमेरिकन कॉलेजातल्या पोरांसाठी केलेली असतात. त्यांच्यासमोर नास्तिक बसलेला असतो, म्हणून देव आहे का, उत्क्रांतीचं काय, चमत्कार शक्य आहेत का, हे प्रश्न. विश्वाच्या सुरुवातीचा तो युक्तिवाद तर मुसलमान तत्त्वज्ञांनी घडवलेला, अल-गझालीने अकराव्या शतकात गाजवलेला. युक्तिवाद वाईट नाही, पण टपरीवर तो विचारलाय कोणी?

इथे विचारतात ते वेगळंच. सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात, मग बाप्तिस्मा कशाला? कर्म ज्याचं त्याने भोगायचं, मग दुसऱ्याने वधस्तंभावर भोगून माझं कसं फिटतं? हा दुसरा प्रश्न फार खोल आहे. कर्म मानणाऱ्याला क्षमा ही कृपा वाटत नाही, ढिलाई वाटते. त्याच्याशी बोलायचं तर आधी कर्मसिद्धांत नीट समजून घ्यावा लागतो, आणि तो त्या रेकॉर्डिंगमध्ये फार तर दोन वाक्यांत उरकलेला असतो.

हे काम आपल्याच माणसांनी केलंय. नीळकंठशास्त्री गोरे, १८२५ चा जन्म, चित्पावन, काशीत वाढलेले. मिशनऱ्यांना खोडून काढायला निघाले आणि १८४८ ला बाप्तिस्मा घेतला. पुढे षड्दर्शनांवर हिंदीत अख्खा ग्रंथ लिहिला, एकेका दर्शनाचं म्हणणं मांडून मग त्याला उत्तर. पटो न पटो, समोरच्याचं घर आतून बघितलेला माणूस होता. ना. वा. टिळकांनी तीच वाट अभंगातून धरली. यातलं किती कानावर पडतं? मला मोबाईलवर कॅलिफोर्नियातली प्रवचनं धो धो मिळतात, गोरे शोधावे लागतात.

आणि मावशीच्या प्रश्नाला लिंक पाठवायची नसते. उत्तर द्यायला तयार राहा असं बायबलात प्रेषित पेत्र लिहितो, पण त्याच दमात सौम्यतेने द्या असंही लिहितो. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे.

रामवाडी_स्टेशन

वनाझहून मेट्रोत बसून थिऑलॉजी ऐकणाऱ्यांनो, शेवटच्या स्टेशनला उतरलात की थिऑलॉजी शिकवणारं ज्ञानदीप विद्यापीठ तिथेच आहे. कॅथलिकांचं आहे म्हणून चावत नाही कोणी. पण तिकडे वळताना कोणी दिसत नाही.

हडपसरचा_श्रोता

कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला वळून काय करू? मस्टर माझं कोण भरणार?

विश्रांतवाडीकर, तुमचं बोलणं पटलं, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ऐकू नका असं त्यातून निघत नाही, मराठीत करा असं निघतं. बिबवेवाडीच्या आणि रामवाडीच्या मास्तरांनी माईक घ्यावा. कर्म आणि कृपा यावर पहिली मालिका करावी, मी बसमध्ये ऐकतो. शेजाऱ्यांनाही शंका काढायला बोलवा, गुरुवारपेठींची अडवणाऱ्याची हौस फिटेल.

कोथरूडचा_शेजारी

बोलवा, येतो. चहा तुमचा. १८९० ला पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक-रानड्यांवर बहिष्काराची वेळ आली होती, माझ्यावर कोणी टाकणार नाही.

संडेस्कूलवाले_सर

कल्पना छान, पण बोलणार कोण? बिबवेवाडीचे की रामवाडीचे? मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणारे पेंटेकॉस्टलवाले गप्प बसतील? बाळाच्या बाप्तिस्म्यावर पहिला भाग करून दाखवा, दुसरा भाग निघायच्या आत दोन गट पडलेले असतील.

गुरुवारपेठी

सर, १९७० ला नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा बाळाचा आणि मोठ्याचा, दोन्ही बाप्तिस्मे एकाच छपराखाली घेतलेत. जमत नाही असं नाही. भांडणही रेकॉर्ड करा, निदान तेवढं तरी पोरं दीड पटीने ऐकणार नाहीत.