टकर मॅक्सचं पुस्तक : मी लोळलो, बायकोने अर्ध्यात मिटलं. माझं चुकतंय का?

पानपलट्या :
मंडळी, पुस्तक जुनंच आहे, टकर मॅक्सचं 'आय होप दे सर्व्ह बिअर इन हेल', २००६ ला आलेलं, पण मी आत्ता वाचलं. मित्राने "वाच, लोळशील" म्हणून हातात कोंबलं आणि खरंच दोन रात्रीत संपवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ड्यूक विद्यापीठात लॉ शिकलेला एक अमेरिकन पोरगा, त्याची दारू, पोरी, उलट्या आणि त्याहून घाण गोष्टी, सगळे म्हणे खरे किस्से, आणि सुरुवातच स्वतःला शिवी घालून करतो त्यामुळे तुम्ही त्याला वेगळं काय बोलणार.

त्यातला सुशी रेस्टॉरंटचा किस्सा आहे ना, त्याला हसून हसून पुरेवाट (हहपुवा) झाली माझी. हा बाबा श्वासातली दारू मोजायचं छोटं मशीन विकत घेतो आणि खिशात घालून प्यायला जातो. मग नुसत्या नोंदी. इतके वाजले, मशीनवर इतका आकडा. तिकडे बहुतेक राज्यांत गाडी चालवायला मर्यादा ०.०८ टक्के आणि हा ती ओलांडल्याचा आनंद साजरा करतोय, आकडा चढतो तसा माज चढतो आणि भाषेचा तोल जातो. रात्री दीडला एकटाच हसत होतो.

मग बायकोने घेतलं वाचायला. सुशीला ती पण हसली. पण पुढे तो कपाटवाला किस्सा आला (ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल), तिने पुस्तक मिटलं आणि एवढंच विचारलं, "तुला यातही हसू आलं?" आलं होतं. आता काय सांगू. नेटवर रिव्ह्यू चाळले तर तिथे पण हेच, एक जण 'आयुष्यात इतका हसलो नाही' म्हणतो आणि त्याच्या खालचा 'कचऱ्यात टाकलं'. असल्या विनोदाला हसू आलं म्हणजे माणूस तसाच असतो का? प्रामाणिक मतं द्या, मापं काढू नका.

खवट_काकू :
मापं नाही काढत, पण उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. आपल्याकडे चावट, वात्रट, आचरट, हलकट असे चार वेगळे शब्द आहेत ते उगाच नाहीत. सुशीचा किस्सा आचरट आहे, त्यात फजिती त्याची स्वतःची होते म्हणून तुमची बायकोही हसली. कपाटात मात्र मित्र कॅमेरा घेऊन लपलाय आणि टकरसोबत झोपलेल्या मुलीला पत्ता नाही. हा हलकटपणा झाला. हाच प्रसंग तिने सांगितला असता तर कोणी त्याला किस्सा म्हणालं नसतं, तक्रार म्हणालं असतं.

मला शिव्यांचं, घाणीचं काही वाटत नाही, हागण्या-मुतण्याचे विनोद मी पण करते, घरात कोणी नसलं की जास्तच. पण मी पुस्तक शंभरेक पानांवर सोडलं ते अश्लील म्हणून नाही, तर प्रत्येक बाईचं वर्णन तिच्या वजनापासून सुरू होतं याचा वीट आला म्हणून. चौथ्यांदा तोच जोक आला की विनोद पण राहत नाही हो तो.

बिनधास्त_बंड्या :
काकू आदर आहे पण तो काही लपवतोय का? पहिल्या पानावर सांगतो मी नालायक आहे. कव्हरवर नरक लिहिलंय, आत भजन निघणार का? न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत होतं हे, आणि त्याच पेपरात २००६ ला या प्रकारच्या लिखाणाला 'फ्रॅटायर' नाव पण पडलं, म्हणजे फ्रॅटर्निटी (तिकडच्या कॉलेजातल्या पोरांची मंडळं) अधिक सटायर, एवढे लोक वाचत होते. सगळे हलकट?

आणि जाता जाता, तिकडच्या विनोदी कलाकार चेल्सी हँडलरचं 'माय हॉरिझॉन्टल लाइफ' २००५ चं, एका रात्रीच्या भानगडींचं आख्खं पुस्तक, तेव्हा म्हणायचं काय बिनधास्त बाई आहे. पुरुषाने लिहिलं की लगेच संस्कार आठवतात.

खवट_काकू :
वाचलंय मी ते. त्यात ती स्वतःच्या मूर्खपणावर जास्त हसते, म्हणून तर चाललं. पण तिचे पण काही जोक सरळ दुखावणारे आहेत आणि तिथे मी तिलाही सूट देत नाही. झालं समाधान?

शंकासुर :
तुम्ही सगळे हे खरं धरून भांडताय याची मला गंमत वाटतेय. २००६ च्या जानेवारीत हे पुस्तक आलं आणि नेमकं त्याच महिन्यात जेम्स फ्रेचं 'अ मिलियन लिटल पीसेस' उघडं पडलं. ८७ दिवस तुरुंगात काढले म्हणून लिहिलं होतं, निघाले काही तास. टॉक शोवाल्या ओप्रा विन्फ्रेने आधी डोक्यावर घेतलेलं, मग टीव्हीवर समोर बसवून झापलं, प्रकाशकाला वाचकांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. व्यसनातून बाहेर येण्याचं पुस्तक होतं, लोकांनी त्यावर जीव टाकलेला, म्हणून फसवल्यासारखं वाटलं. विनोदी आठवणींचं तसं होत नाही, उलटीचा किस्सा खोटा निघाला म्हणून पैसे परत मागायला कोण जातंय.

पण इथेच मेख आहे बघा. कपाटाचा किस्सा खरा असेल तर माणूस वाईट वागलाय. आणि खोटा असेल तर टर उडवायला त्याने एक बाई तयार केली आणि तिला मुद्दाम बावळट ठेवली. मला तर दुसरं जास्त वाईट वाटतं, कारण तिथे दारूचं निमित्त पण उरत नाही, शुद्धीत बसून लिहिलंय ना.

बिनधास्त_बंड्या :
बापरे, उलटीवर एवढं तत्त्वज्ञान 😂 पण दुसऱ्या पॅऱ्याला उत्तर नाहीये माझ्याकडे, मान्य.

तिसरा_शो :
सिनेमा कोणीच काढला नाही? २००९ ला त्याच नावाने आला होता, लेखकांत हा स्वतः होता. साधारण ७० लाख डॉलरचं बजेट आणि कमाई १४-१५ लाखांच्या आसपास, आपटला. शिकागोत बस-ट्रेनवरच्या जाहिराती लोकांच्या तक्रारींनंतर काढून टाकल्या आणि कॉलेजांमध्ये पोरींनी निदर्शनं केली. आता निदर्शनांमुळे आपटला असं त्याचे पंखे म्हणतील, मला नाही पटत, निदर्शनांनी तर उलट तिकिटं खपतात.

माझं मत असं की पुस्तकात तो एकटाच बोलत असतो, तुम्ही त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून ऐकताय असं वाटतं, समोरच्या मुलीचा चेहरा तुम्हाला दिसतच नाही. पडद्यावर तो दिसतो. नटी कितीही सुमार असू दे, तोंड पडलेलं दिसलं की थिएटरमधलं हसू अर्ध्यात थांबतं. मी थांबलेलं ऐकलंय. आम्ही अकरा जण होतो त्यामुळे लगेच कळलं.

शंकासुर :
+१, हा मुद्दा भारी आहे. आणि २०१२ ला त्यानेच असलं लिखाण बंद करतोय म्हणून जाहीर केलं, मानसोपचार घेतोय असंही सांगितलं. म्हणजे ज्याला पंखे 'हा असाच आहे' म्हणत होते त्यालाच ते पुरेनासं झालं.

बिनधास्त_बंड्या :
वय झालं की सगळेच बंद करतात रे, त्यात काय.

पानपलट्या :
सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिक्रिया येतील वाटलं नव्हतं. तिसरा_शो यांचं वाचून काल कपाटवाला किस्सा परत वाचला, यावेळी फक्त त्या मुलीवर लक्ष ठेवून. ती खोलीत कधी येते, तिला काय माहिती आहे, काय नाही. पहिल्यांदा वाचताना मी तिला जवळजवळ वगळूनच वाचलं होतं, मला फक्त तो मित्र कपाटातून कसा बाहेर पडतो ते आठवत होतं. हसू नाही आलं. मग सुशीवाला वाचला, तर परत आलं, तेवढंच, आणि आवाज ऐकून बायको "आता कुठलं?" म्हणून बघायला आली. दाखवलं. बसली शेजारी.

पुस्तक टाकून नाही दिलं. ठेवलंय कपाटात.

खवट_काकू :
कपाटात. खिक्.