समाजकार्य विभागातील विद्यार्थी उपक्रम आणि माजी विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन: दोन्हींची सांगड कशी घालावी?

प्रश्न: एम.एस.डब्ल्यू. पहिले वर्ष, कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) पहिल्या वर्षात, दुसऱ्या सत्रात शिकते. यंदा विभागाच्या विद्यार्थी मंडळाची जबाबदारी माझ्यावर आणि काही वर्गमित्रांवर आली आहे. २६ जूनला राजर्षी शाहू जयंती, १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन, ३ डिसेंबरला अपंग दिन, ८ मार्चला महिला दिन आणि मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी जागतिक समाजकार्य दिन, असे आमचे वर्षाचे वेळापत्रक जवळपास ठरलेले असते. फेरी निघते, पथनाट्य होते, वर्तमानपत्रात बातमी येते आणि अहवाल फाइलला लागतो. माजी विद्यार्थ्यांचा मेळावाही होतो. त्यात सत्कार आणि मनोगते होतात, परंतु आम्हाला विचारायचे असलेले प्रश्न मात्र वेळेअभावी राहून जातात.

या उपक्रमांतून आम्हाला पुढे काम करताना उपयोगी पडेल असे काही शिकायला मिळावे, आणि माजी विद्यार्थ्यांच्या अनुभवाचाही खरा लाभ व्हावा, यासाठी काय करता येईल, हे मला जाणून घ्यायचे आहे. दुसरा प्रश्न वैयक्तिक आहे. पुढच्या वर्षी विशेषीकरण निवडायचे आहे. माझा ओढा वैद्यकीय व मनोविकार समाजकार्याकडे आहे. परंतु राधानगरी तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या आईवडिलांना वाटते की मी मानव संसाधन घ्यावे, म्हणजे एमआयडीसीत लवकर नोकरी लागेल. त्यांची काळजी मला चुकीची वाटत नाही. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: माजी विद्यार्थिनी, वैद्यकीय समाजसेवा

ताई, आधी विशेषीकरणाबद्दल लिहिते, कारण त्यातूनच उपक्रमांचे उत्तरही मिळेल. मी कोल्हापुरातच शिकले आणि सध्या एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. शिवाय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. या निधीतून कोणाला, किती आणि कोणत्या कागदांच्या आधारे मदत द्यायची, याची छाननी आमच्या टेबलावर होते. शासकीय रुग्णालयांत याच स्वरूपाच्या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. म्हणजे या क्षेत्रात नोकऱ्या नाहीत असे नाही. त्या संख्येने कमी आहेत आणि जाहिराती अनियमितपणे निघतात, हे मात्र घरी स्पष्ट सांगावे.

माझ्या मुलाखतीत मला एकच गोष्ट खोदून विचारली गेली. डायलिसिससाठी आलेल्या रुग्णाचे नाव शिधापत्रिकेवर नसेल, तर पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल? मला उत्तर देता आले, कारण कोल्हापुरातील शासकीय सी.पी.आर. रुग्णालयात क्षेत्रकार्य (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष काम) करताना शाहूवाडीकडचे एक कुटुंब याच अडचणीत सापडलेले मी पाहिले होते. आरोग्यमित्राला (रुग्णालयात शासकीय आरोग्य योजनेसाठी मदत करणारा कर्मचारी) भेटून कोणते पर्यायी कागद चालतील ते विचारणे, घरातल्या कोणत्या माणसाला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत पाठवायचे ते ठरवणे, आणि तोवर उपचार अडू नयेत म्हणून डॉक्टरांना लेखी टिपण देणे, हा क्रम माझ्या अहवालात तारखांसह लिहिलेला होता. त्या कुटुंबाची सर्वांत मोठी अडचण औषधांची नव्हतीच. दर खेपेला एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी यांनी ते खचले होते. हे फक्त रुग्णाच्या पलंगाशेजारी बसून, घाई न करता विचारल्यावरच कळते.

मनोविकार क्षेत्राबाबत एक गोष्ट आताच जाणून घ्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील व्याख्येनुसार मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणून मान्यता मिळण्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीनंतर त्या विषयातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अपेक्षित आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. पदवी सर्वसाधारणपणे बंद करण्यात आली असल्याने, या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची सद्यस्थिती संबंधित संस्थेकडूनच तपासून घ्यावी. केवळ विशेषीकरणाच्या नावावर विसंबून राहू नये.

उत्तर २: माजी विद्यार्थी, कामगार कल्याण

वरच्या ताईंनी रुग्णालयाची बाजू नेमकी मांडली आहे. मी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत काम करतो, म्हणून आपल्या आईवडिलांच्या बाजूने थोडे लिहितो. मानव संसाधन घेतले म्हणजे समाजकार्य सोडले, असा समज आपल्या वर्गांत असतो आणि तो मला मान्य नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा २५० कामगारांवर आणली आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या पट्ट्यातील मध्यम आकाराच्या कारखान्यांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. या पदासाठी कोणती अर्हता लागते आणि आपल्या पदवीतील कोणते विशेषीकरण चालते, हे राज्याच्या नियमांत पाहूनच निर्णय घ्यावा.

कामाचे स्वरूप कळावे म्हणून एक उदाहरण देतो. फौंड्रीतील एखाद्या कंत्राटी कामगाराचे नाव आधार कार्डावर एक आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात दुसरे असते. मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेल्यावर अर्ज फेटाळला जातो आणि तो ठेकेदार, बँक आणि कार्यालय यांच्यात हेलपाटे घालत राहतो. त्याचे काम मार्गी लावताना आपण कायदा, कागदपत्र आणि माणूस अशा तिन्ही गोष्टी शिकतो. एकेका व्यक्तीला तिच्या अडचणीत मदत करणे, म्हणजे आपण शिकतो ते व्यक्तिसहाय्य कार्य, हेच आहे. फक्त ते यंत्रांच्या आवाजात करावे लागते.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीबद्दलही विद्यार्थी नेहमी विचारतात. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मालमत्ता, १००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. या क्षेत्रात पगार बरा असतो. मात्र तिथे एक्सेलमध्ये अंदाजपत्रक मांडता येणे, गरजांची पाहणी करणे आणि इंग्रजीत दोन पानी प्रस्ताव लिहिणे, या गोष्टी पहिल्या आठवड्यापासून लागतात. आपल्याकडची मुले गावात छान बोलतात, लोकांना पटकन आपलेसे करतात आणि लिहिण्याची वेळ आली की मागे पडतात. हे पाहून मला फार वाईट वाटते, कारण ही उणीव विभागातच भरून काढता येण्यासारखी आहे.

उत्तर ३: माजी विद्यार्थिनी, बाल संरक्षण

मी थोडक्यात लिहिते. मिशन वात्सल्य या केंद्र शासनाच्या बाल संरक्षण योजनेअंतर्गत जिल्हा बाल संरक्षण कक्षात समाजकार्याच्या पदवीधरांसाठी पदे असतात आणि काम अत्यंत मोलाचे असते. परंतु ही पदे बहुतांशी कंत्राटी असतात. मी पूर्वी ज्या जिल्ह्यात काम केले, तिथे मानधन महिनोन्महिने रखडत असे आणि घरभाड्यासाठी भावाकडे मागावे लागत असे. मेळाव्यात ही गोष्ट कोणी बोलत नाही, कारण सत्काराच्या कार्यक्रमात ती शोभत नाही. म्हणून माझी विनंती आहे की माजी विद्यार्थ्यांना पगार, कराराची मुदत, सुट्ट्या आणि महिला कर्मचाऱ्यांच्या रात्रीच्या प्रवासाची व्यवस्था यांविषयी थेट विचारा. त्यासाठी वीस जणांच्या आतला गट आणि बंद खोली हवी, सभागृह नको. आणि कंत्राटी कामाला लागलात तरी प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट किंवा सेट परीक्षेची तयारी सोडू नका.

उत्तर ४: निवृत्त प्राध्यापक, क्षेत्रकार्य पर्यवेक्षक

पहिल्या दोन उत्तरांत एक समान सूत्र दिसते आणि मला ते अधोरेखित करावेसे वाटते. नोकरीत उपयोगी पडते किंवा कमी पडते ते लेखी काम. आपल्या देशात समाजकार्य व्यवसायासाठी वकिलांसारखी किंवा परिचारिकांसारखी राष्ट्रीय वैधानिक परिषद नाही. नोंदणी क्रमांक दाखवून आपली पात्रता सिद्ध करण्याची सोय बहुतेकांना नाही. अशा स्थितीत विद्यार्थ्याने केलेल्या कामाची नीट लिहिलेली नोंद हाच त्याचा पुरावा असतो. म्हणून विद्यार्थी मंडळाने प्रत्येक उपक्रमाला एकच कसोटी लावावी, असे मी सुचवीन: हा उपक्रम झाल्यावर ज्या लोकांसाठी तो केला त्यांच्या हाती काय राहील, आणि विद्यार्थ्याच्या हाती कोणते लेखी काम राहील?

एक उपक्रम सविस्तर सांगतो. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना पंचगंगेच्या पुराचा तडाखा वारंवार बसतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण सर्वांनी अनुभवले आहेत. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की बातम्या सुरू होतात आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की धावपळ. विद्यार्थ्यांनी मे महिन्यातच, ग्रामपंचायतीची संमती घेऊन, गल्लीनिहाय घरभेटी कराव्यात. अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे कोणत्या घरात आहेत, गरोदर महिला आणि नियमित डायलिसिसवर असलेले रुग्ण कुठे आहेत, कोणाकडे किती जनावरे आहेत आणि ती कुठे हलवणार, हे विचारून यादी तयार करावी. पुरात घर न सोडण्याचे कारण बहुतेक वेळा म्हैस असते. दावणीला म्हैस बांधलेली असताना माणूस बोटीत बसायला तयार होत नाही, आणि हे ज्याला कळले नाही त्याचे स्थलांतराचे नियोजन कागदावरच राहते. ही यादी आशाताई, तलाठी आणि सरपंच यांच्याकडे पोहोचली, जून संपण्यापूर्वी एकदा तपासली गेली, तर ते समुदाय संघटनाचे अस्सल काम ठरेल. तीन महिने राबून निघालेला असा एक अहवाल वर्षभराच्या फेऱ्यांपेक्षा मुलाखतीत जास्त बोलेल.

याचा अर्थ पथनाट्ये बंद करा, असा नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि राज्य शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढले. महिला दिनाला त्यावर नाटक बसवणे सोपे आहे. त्याऐवजी आपल्या क्षेत्रकार्याच्या गावातील एकल महिलांना जमिनीच्या वारस नोंदीत, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जात कोणत्या अडचणी येतात, हे आधी ऐकून घ्यावे आणि मग त्यांनी सांगितलेल्या गोष्टींवर, त्यांना चालेल असे नाटक करावे.

माजी विद्यार्थ्यांबाबत माझे मत ठाम आहे. त्यांना भाषणाला बोलावण्यापेक्षा अहवाल वाचायला बोलवा. प्रत्येक माजी विद्यार्थ्याकडे दोन किंवा तीन विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य अहवाल आठवडाभर आधी पाठवावेत आणि मेळाव्याच्या दिवशी त्याने त्यांच्यासोबत बसून, नोकरीच्या मुलाखतीत विचारतात तसे प्रश्न विचारावेत. जो पुणे-मुंबईहून येऊ शकत नाही तो दूरध्वनीवरून हे करू शकतो. सत्कार नंतर अवश्य करा.

विशेषीकरणाबद्दल एवढेच: तुमचा ओढा स्पष्ट असेल तर वैद्यकीय घ्या आणि उन्हाळ्यातील ब्लॉक प्लेसमेंट (सलग काही आठवडे एका संस्थेत पूर्णवेळ क्षेत्रकार्य) एखाद्या कारखान्याच्या कल्याण विभागात करता येते का, हे विभागप्रमुखांना विचारा. आईवडिलांना एकदा विभागात घेऊन या. राधानगरीहून येणाऱ्या पालकांशी शिक्षक बसून बोलले, की बऱ्याच शंका त्याच दिवशी मिटतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सर, अहवाल वाचण्याची कल्पना आम्ही विभागप्रमुखांपुढे मांडणार आहोत. एक शंका मात्र आहे. आमच्या अहवालांत रुग्णांची, बालगृहातील मुलांची माहिती असते. ती माजी विद्यार्थ्यांना पाठवणे योग्य ठरेल का? पुराच्या यादीतही लोकांच्या आजारांचा उल्लेख येणार.

उत्तर ५: माजी विद्यार्थिनी, बाल संरक्षण

ही शंका अगदी रास्त आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे, आणि नाव गाळले तरी शाळा, वस्ती किंवा आईचा व्यवसाय यांवरून मूल ओळखता येऊ शकते, विशेषतः कोल्हापूरसारख्या शहरात, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून मुलांविषयीचे आणि एचआयव्हीबाधित रुग्णांविषयीचे अहवाल मेळाव्यासाठी पाठवूच नयेत. त्यांवर पर्यवेक्षकांबरोबरच्या वैयक्तिक परिषदेतच (विद्यार्थी आणि पर्यवेक्षक यांच्या दोघांतल्या बैठकीतच) चर्चा व्हावी. इतर अहवालांत नाव, गाव, वय आणि जात बदलून, पर्यवेक्षकांनी तपासल्यावर छापील प्रत द्यावी आणि बैठक संपताच ती परत घ्यावी. व्हॉट्सअॅपवर काहीही पाठवू नये. पुराच्या यादीत आजाराचे नाव लिहिण्याची गरज नाही. उचलून न्यावे लागेल, बोटीत आडवे झोपवून न्यावे लागेल किंवा औषध सोबत हवे, एवढी नोंद बचाव पथकाला पुरते. ज्या घराने नकार दिला त्या घराची नोंद करू नये, मात्र पावसाळ्यापूर्वी पुन्हा एकदा जाऊन विचारावे.