‘पालकांचे हक्क’ म्हटलं की लोकांना शाळा आठवते. दुसरा शब्द सुचवा

मुठेकाठ
आम्ही काहीजण मिळून एक पत्रक काढतोय. मागण्या दोनच. आई आणि वडील हे मुलाचे बरोबरीचे नैसर्गिक पालक आहेत, असं कायद्यात स्वच्छ लिहावं. आणि नवरा-बायको वेगळे झाले तरी मुलाचं दोघांशी नातं टिकावं, अशी तरतूद व्हावी. विधि आयोगाने २०१५ साली २५७व्या अहवालात या दोन्ही गोष्टी सुचवल्या आहेत, कायदा मात्र बदललेला नाही. कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या लोकांचा पाठिंबा मिळाल्याशिवाय तो बदलणारही नाही, म्हणून महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्या अशा ठिकाणी पत्रक वाटायचं आहे.

मथळा दिला होता, ‘पालकांच्या हक्कांना कायद्याचं संरक्षण हवं’. कच्ची प्रत एका ज्येष्ठ नागरिक संघात वाचायला दिली, तर चर्चा थेट शाळेच्या फीवर आणि पालकसभेवर गेली. विषय समजावून सांगितल्यावर मात्र तीच मंडळी हळवी झाली. नातवंडं वर्षानुवर्षं न भेटलेले आजी-आजोबा त्यांच्यातच बसले होते. म्हणजे लोकांना विषय परका नाही, आमचा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

‘पालक’ ठेवू, ‘आईवडील’ लिहू की ‘मातापिता’? आणि हक्क की अधिकार?

करवंद
‘आईवडील’ लिहा. पालक म्हणजे पाळणारा, तो जन्मदाता असेलच असं नाही. मी मामाकडे राहून शिकलो. प्रगतिपुस्तकावर ‘पालकाची सही’ असायची तिथे कायम मामाची सही. वडील गावाला होते, धडधाकट होते, पण माझे ‘पालक’ नव्हते आणि यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पुढे शहरात घरं लहान झाली, मुलं आपापल्या आईबापांकडेच वाढू लागली आणि पालक म्हणजेच आईबाप असं होऊन बसलं.

सनद
कायद्याच्या मराठीत करवंद म्हणतात तोच जुना अर्थ टिकून आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ यातलं ‘पालकत्व’ म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा, त्याची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार. मूल कोणाजवळ राहणार हा वेगळा प्रश्न, त्याला कोर्टात ‘ताबा’ म्हणतात. कलम ६ नुसार नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे. म्हणजे मूल आईच्या कडेवर आणि सही वडिलांची. तुमच्या पहिल्या मागणीचं मूळ इथे आहे. पत्रकात हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका, विरोधक पहिला घाव तिथेच घालतील.

शब्दचर्चाच आहे म्हणून सांगते. हा सगळा तिढा एका ‘नंतर’वर उभा होता. गीता हरिहरन आणि त्यांच्या पतींनी मुलाच्या नावावर रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून सही आईची. बँकेने वडिलांची सही मागितली, नाहीतर सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली निकाल दिला की ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नाही. वडिलांच्या गैरहजेरीत किंवा ते लक्ष घालत नसतील तेव्हाही, असा त्याचा अर्थ घ्यायचा. कायद्याचा शब्द तसाच राहिला, अर्थ तेवढा रुंदावला.

तळटीप
हक्क हा अरबी शब्द. मराठीला स्वतःचा ‘अधिकार’ असताना तो का मिरवायचा? शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना पर्याय दिले गेले, ते उगाच नव्हे. ‘ताबा’ही अरबीच. मूळ अर्थ मागून चालणारा, अंकित. पोटच्या पोराला हा शब्द लावताना जीभ अडखळली पाहिजे. न्यायव्यवहारातला ‘अभिरक्षा’ वापरा, त्यात रक्षण आहे.

बांधावरून
अभिरक्षा आमच्या गावात एकालाही कळणार नाही, आणि न कळणाऱ्या शब्दावर लोक सह्या करत नाहीत. अधिकार म्हटलं की डोळ्यांसमोर साहेब येतो. हक्क आमचा आहे. हक्काचं माणूस, हक्काने चार शब्द सुनावणं, माहेरी हक्काने जाणं. यात कुठला अरबस्तान? शेकडो वर्षं रुळलेल्या शब्दाला परका म्हणणं मला पटत नाही.

एक अडचण मात्र आहे. गावात हक्क जमिनीला चिकटलेला असतो. हक्कसोडपत्र, हक्कनोंद, वारसाहक्क. ‘मुलावर हक्क’ लिहिलंत तर लोकांना भाऊबंदकी ऐकू येईल. ‘मुलावरचा हक्क’ वेगळा आणि ‘मूल वाढवण्याचा हक्क’ वेगळा. दुसरं लिहा.

म्हादई
आमच्या गोव्यात अजून १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते. तिच्यात या गोष्टीला ‘पोदेर पातेर्नाल’ म्हणतात. पोदेर म्हणजे सत्ता आणि पातेर्नाल म्हणजे बापाची. खुद्द पोर्तुगालने २००८ साली हा शब्द कायद्यातून काढून आईबापांच्या ‘जबाबदाऱ्या’ असा शब्द घातला. आमच्याकडे मात्र जुनीच सत्ता. मला विचाराल तर मथळ्यात ‘जबाबदारी’ घ्या. हक्क मागणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात, जबाबदारी मागणाऱ्याला वाट देतात.

ऱ्हाइनकाठी
जर्मनीत हाच बदल १९८० साली झाला. आधी कायद्यात आईबापांची ‘सत्ता’ होती, आता ‘काळजी’ आहे. इंग्लंडनेही १९८९च्या बालक कायद्यात ‘ताबा’ टाकून ‘पालक-जबाबदारी’ आणली. तरी म्हादईंशी मी पूर्ण सहमत नाही. इथे बालकल्याण खात्याने मूल घरातून नेलं की आईबापांना पहिला आधार असतो तो हक्क या शब्दाचा. १९४९च्या जर्मन राज्यघटनेच्या सहाव्या कलमात मुलांचं संगोपन हा आईबापांचा ‘नैसर्गिक हक्क’ आणि सर्वांत आधी त्यांच्यावरच असलेलं ‘कर्तव्य’ आहे, असं एकाच वाक्यात लिहिलंय. त्यावर राज्यसंस्थेची नजर राहील, हेही लगेच पुढच्या वाक्यात. नुसती जबाबदारी लिहाल तर ती कोणीही काढून घेईल. ‘तुम्ही नीट पार पाडली नाही’ एवढं म्हटलं की झालं. इथल्या भारतीय कुटुंबांमध्ये ही भीती खरी आहे, आणि ‘मायबाप सरकार’ म्हणायची सवय घेऊन आलेल्या आपल्या लोकांना ती फार उशिरा कळते.

चाफेकळी
बराच वेळ वाचतेय, आता लिहिते. मी मुलीला एकटीने वाढवलं. ‘समान हक्क’ हे शब्द मी पहिल्यांदा एका नोटिशीत वाचले. दप्तर कोणी आणलं, तापात रात्री कोण जागलं, हे ज्या माणसाने कधी विचारलं नाही त्याने ती पाठवली होती. माझ्यासारख्या बायका तुमचं पत्रक हातात घेतील तेव्हा त्यांना हीच नोटीस आठवणार. मारहाण करणाऱ्या घरातून मूल घेऊन बाहेर पडलेल्या बाईला ‘दोघांशी नातं टिकावं’ हे वाक्य धमकीसारखं वाटतं. मुठेकाठ, तुमचा हेतू तसा नाही हे दिसतंय. पण मग हिंसा असेल तिथे मुलाचं हित आधी, ही ओळ मथळ्याखाली ठळक हवी. शेवटच्या पानावर नको.

आणि ‘त्यांच्यानंतर आई’ हे शब्द अजून कायद्यात आहेत, हे बायकांना सांगा. बहुतेकींना ठाऊकच नाही. दाखल्यासाठी, खात्यासाठी, खिडकीपाशी ‘मिस्टरांची सही आणा’ ऐकलेली प्रत्येक बाई तुमच्या बाजूने उभी राहील. अविवाहित आईला पालक ठरवताना बापाला नोटीस द्यायची सक्ती नाही, हा २०१५चा निकाल आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव सक्तीचं झालंय. नावापर्यंत आलो आहोत. सहीपर्यंत यायचं आहे.

मुठेकाठ
चाफेकळीताई, ती ओळ उद्याच वर घेते. हिंसेचा मुद्दा आमच्या मसुद्यात होता, पण तिसऱ्या पानावर. ‘सहीपर्यंत यायचं आहे’ हे वाक्य तुमची परवानगी असेल तर मथळ्यालाच घेऊ का?

तोवर मसुदा असा: ‘मूल वाढवण्याचा हक्क आईचाही, वडिलांचाही. कायद्यात तसं लिहा.’

तळटीप
दोनदा ‘ही’ नको, ‘उभयतांचा’ एका शब्दात बसतं. हक्काबद्दलचं माझं मत कायम आहे.

करवंद
उभयता लग्नपत्रिकेतच राहू द्या. दोनदा आलेल्या ‘ही’मुळेच तर वाक्याला जोर आलाय.

चाफेकळी
घ्या खुशाल.

बांधावरून
सनदताई, तुम्ही ‘अज्ञानत्व’ लिहिलंत त्यावरून आठवलं. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर आत्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं आहे. आजोबा लवकर गेले होते. अ म्हणजे अज्ञान, हे तलाठ्याने सांगितलं होतं. वयाने लहान असलेल्याला अज्ञान का म्हणायचं? अल्पवयीन काय वाईट होतं?

सनद
अज्ञान म्हणजे मूर्ख नव्हे, कायद्याने जाणतं न मानलेलं. त्याची जोडी ‘सज्ञान’शी, आणि सज्ञान आपण आजही सर्रास म्हणतो. अल्पवयीन फक्त वय सांगतो. बाकी तुमच्या सातबाऱ्यावरचा ‘अ.पा.क. आई’ म्हणजे कागदावरचं आईचं पालकत्वच. शेतीत ते फार आधीपासून चालत आलंय. १९७०च्या जिजाबाई विरुद्ध पठाणखान खटल्यात वडील हयात होते, पण कित्येक वर्षं वेगळे राहत होते आणि मुलीच्या व्यवहारात लक्षच घालत नव्हते. आईने मुलीच्या वतीने केलेला जमिनीचा पट्टा सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. शहरातल्या बँकेला १९९९मध्ये जे सांगावं लागलं, ते शेताच्या बांधावर आधीच ठरलं होतं.

मुठेकाठ
हे पत्रकात हवंच. गावातल्या लोकांना हा मुद्दा लगेच पटेल.

तळटीप
पण अ.पा.क. मधला ‘पा’ पालनचा की पालकचा? पालनकर्ता असेल तर सुरुवातीला करवंद म्हणाले तेच खरं, पालक म्हणजे पालन करणारा. ‘पालककर्ता’ असेल तर शब्दाची रचनाच चुकली.

बांधावरून
आमच्या फेरफारात नुसती तीन अक्षरं आहेत. चुलत्यांकडे मोडीतला जुना कागद आहे, त्यात पूर्ण शब्द असेल. मोडी वाचणारं कोणी आहे का इथे?