सीडीचं कव्हर प्रिंटला द्यायचंय, फाईल आहे तशी चालेल का?

खर्जातला_सा:
बँडचा पहिला अल्बम येतोय, साध्या ज्वेल केसमध्ये (सीडीची नेहमीची प्लास्टिकची डबी). कव्हर मीच फोटोशॉपमध्ये केलंय, १४०० बाय १४०० पिक्सेल, आरजीबी (स्क्रीनचे रंग), बॅकग्राउंड पूर्ण काळं आणि आतल्या पानावर त्याच काळ्यावर बारीक पांढऱ्या अक्षरात गाण्यांचे शब्द. प्रेसवाले म्हणतायत सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) पीडीएफ द्या आणि ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ठेवा. नुसता रंगाचा मोड बदलून सेव्ह केलं तर भागेल ना?

शाईवाला:
नाही भागणार. १२० मिमीच्या कव्हरला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १४१७ पिक्सेल लागतात, म्हणजे तिथे तू काठावर पास आहेस, पण चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड धरलं की १४८८ होतात आणि तेवढं चित्र तुझ्याकडे नाहीच. ताणून मोठं करू नकोस, मूळ फाईलमध्ये बॅकग्राउंड वाढव.
खरी गोची काळ्या रंगाची आहे. आरजीबीतला काळा कन्व्हर्ट केला की चारही शाया एकावर एक बसतात, एखाद्या शाईची प्लेट केसभर जरी सरकली तरी बारीक पांढऱ्या अक्षरात लाल-निळी शाई घुसते आणि शब्द वाचता येत नाहीत. काळा १०० टक्के आणि सायन (निळसर शाई) ४०च्या आसपास, एवढाच ठेव, प्रेसला विचारून. अक्षरं जरा जाड आणि मोठी घे, आणि फोटोशॉपमध्ये नको, इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये टाइप कर म्हणजे कडा स्वच्छ येतील.

घडी_आणि_कट:
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी प्रेसकडून त्यांचं टेम्प्लेट (मापांचा तयार नमुना) माग बाबा. मागचं कार्ड साधारण १५१ बाय ११८ मिमी असतं, त्यातच दोन्ही कडांचे साडेसहा-साडेसहा मिमीचे स्पाइन (केसच्या बाजूला दिसणाऱ्या नावाच्या पट्ट्या) येतात, तरी मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच. घडीच्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेव, नाहीतर त्याही छापून येतात 😀 मग घरच्या प्रिंटरवर १०० टक्के साइजला काढ, कापून रिकाम्या केसमध्ये घालून बघ, स्पाइनवरचं नाव उलटं आलंय का ते तिथेच कळतं, स्क्रीनवर कळत नाही.

खर्जातला_सा:
शब्द फोटोशॉपमध्येच फ्लॅटन झालेत, म्हणजे चित्रातच मिसळलेत 😑 परत टाइप करतो. डिस्कवर पण हेच आर्टवर्क टाकलं तर?

शाईवाला:
टाक, पण डिस्क चंदेरी असते, खाली पांढरा बेस मारणार का ते विचार. नसेल तर तुझी पांढरी अक्षरं चंदेरी दिसतील. काहींना तेच आवडतं म्हणा.