‘इग्रीजस’ म्हणजे नुसतं ‘फार वाईट’ नव्हे!

शब्दवेडी: कालच्या पोस्टमधला सल्ला वाचून डोकं फिरलं. म्हणे इंग्रजी मेलमध्ये ‘बॅड’ फार साधं वाटतं, ‘इग्रीजस’ (egregious) लिहा, मेलला वजन येतं. अहो, हा सरळसरळ आरोप आहे! सर्दी इग्रीजस नसते, हवा नसते. चूक असते, खोटेपणा असतो, नियमभंग असतो, तोही इतका ढळढळीत की दिसलाच नाही म्हणायची सोय नाही. पहिल्या नोकरीत माझ्याकडून अहवालात दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर साहेबांनी सगळ्यांना कॉपी ठेवून ‘इग्रीजस एरर’ लिहिलं. अर्थ बघितला आणि रात्रभर झोप नाही. नंतर कळलं, त्यांना ‘मोठी चूक’ एवढंच म्हणायचं होतं.

रोखठोक: साहेबांवरचा राग शब्दावर का? लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा, तो इग्रीजस. १६व्या शतकात इंग्रजीत ही चक्क स्तुती होती. ग्रिगेरियस (माणसांत रमणारा), सेग्रिगेट (वेगळं काढणं) हे शब्दही त्याच कळपातले. स्तुतीची निंदा झालेली तुम्हाला चालते, मग निंदा जरा सौम्य झाली तर काय बिघडलं?

भाषांतरवाली: इटालियनमध्ये तो अजून आदराचाच आहे. मला एका ग्राहकाचं पत्र आलं, सुरुवातच ‘एग्रेजा’! इंग्रजी डोक्यात ठेवून अर्धा तास धुमसत बसले, आणि निघालं ‘माननीय’. आपल्याकडे उलटं झालंय, धर्मशास्त्रात ‘साहस’ म्हणजे बळजोरीचे गुन्हे, आज शौर्य.

जुनाखोड: पूर्ण कुठे बदललाय? ‘नसतं साहस करू नकोस’ घरोघरी ऐकू येतं.

भाषांतरवाली: ‘नसतं’ लावावं लागतं ना? म्हणजे नुसतं साहस चांगलंच झालं.

जुनाखोड: ‘दुःसाहस’ही आहे म्हणून सांगाल आता. आर्थिक साहस म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येत नाही? खरं सांगा.

रोखठोक: दोघंही माझीच बाजू मांडताय, अर्थ सरकतात.

भाषांतरवाली: अजिबात नाही! सरकायला शतकं लागली, तुम्ही एका मेलमध्ये सरकवताय.

शब्दवेडी: साहस पुरे हो! उद्या कुणी खरंच खोट्या सह्या केल्या, तर त्याला काय म्हणायचं? टायपोला इग्रीजस म्हणून झाल्यावर उरतं काय?

रोखठोक: बरं बाबा, सहकाऱ्याच्या टायपोला नाही लिहिणार. तेवढं मान्य. मित्रांत बोलताना मात्र वापरणारच.

शब्दवेडी: मित्रांत खुशाल वापरा. सगळ्यांना कॉपी ठेवून नको.

जुनाखोड: आणि ‘आर्थिक साहस’चं उत्तर अजून मिळालेलं नाही. मी थांबलोय.